कॉर्नर एकाचा, बाकीच्यांनी वाट करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ईए स्पोर्ट्स एफसी (पूर्वीचा फिफा) या फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये क्लब्स मोड असतो, त्यात प्रत्येक माणूस एकेक खेळाडू चालवतो. तिथे तुम्ही सात मित्र एकत्र खेळता, उरलेल्या जागी बॉट, म्हणजे गेमने चालवलेले खेळाडू असतात. सामन्यात पाच-सहा कॉर्नर मिळतात, पण कित्येक आठवड्यांत कॉर्नरवरून एकही गोल झालेला नाही. एक तर पहिलाच डिफेंडर बॉल उडवून लावतो, नाही तर कीपर आरामात झेलतो. वर दोनदा आपल्याच कॉर्नरवरून प्रतिहल्ला होऊन गोल खावा लागला. आता कॉर्नर घेणाऱ्याचं रेटिंग वाढवायचं, बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनात, उंच खेळाडू आणायचा, की सरळ छोटा कॉर्नर खेळायचा, म्हणजे जवळच्याच मित्राला पास द्यायचा, असं तुम्ही विचारलंय.

तिन्हींबद्दल सांगतो, पण आधी एक गोष्ट तुम्हीच मला सांगा. बॉल हवेत असताना तुमच्यापैकी किती जण हेडरचं, म्हणजे डोक्याने बॉल मारायचं बटण दाबतात? मला जवळजवळ खात्री आहे, की बॉक्समध्ये असलेले सगळेच दाबत असणार. दुखणं तिथेच आहे. सहा माणसं एकाच बॉलवर झेपावतात, एकमेकांना धडकतात, आणि जो खरोखर मोकळा होता त्याच्या वाटेत आपलाच माणूस आडवा येतो. समोरच्या डिफेंडरला फारसं काही करावंच लागत नाही.

मी हा प्रकार फिफा ११ पासून खेळतोय. २०१० मध्ये आलेल्या त्या गेममध्ये गोलकीपरही माणसाच्या हाती आला आणि खऱ्या अर्थाने अकरा विरुद्ध अकरा खेळता यायला लागलं. बहुतेक काळ मी सेंटर बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळलो. म्हणजे आपल्या कॉर्नरला पुढे धावत जायचं आणि त्यांच्या कॉर्नरला मागे उभं राहायचं, या दोन्ही बाजू पुष्कळ पाहिल्या. या वर्षांत गेमचं नाव बदललं, बटणं बदलली, कॉर्नर मारायची पद्धत तर दोन-तीनदा मुळापासून बदलली. एक गोष्ट मात्र तशीच राहिली. ज्या संघात कॉर्नरआधी ठरलेलं असतं की बॉल नेमका कोणासाठी आहे, तो संघ गोल करतो. बाकीचे नशिबावर खेळतात.

अपेक्षाही जरा ताळ्यावर ठेवा. प्रत्यक्ष मैदानावर शंभर कॉर्नरमागे साधारण तीन-चार गोल होतात. गेममध्ये नीट बसवलेल्या संघाचं प्रमाण त्याहून बरंच चांगलं असू शकतं, पण म्हणून प्रत्येक सामन्यात गोल होईल असं नाही. चार-पाच सामन्यांतून एक झाला, तरी लीगच्या टेबलात तो फरक दिसतो.

आता कामांची वाटणी. तुम्ही सात माणसं. एक कॉर्नर घेणार. एक मुख्य, म्हणजे ज्याच्यासाठी बॉल आहे तो. एक कीपरच्या पुढ्यात उभा राहणार. एक जवळच्या पोस्टकडे धाव घेणार, पण बॉल मिळवायला नाही, तर डिफेंडरला सोबत ओढून न्यायला. एक मुख्य माणसाच्या मार्करच्या, म्हणजे त्याला धरून असलेल्या डिफेंडरच्या, वाटेत उभा राहणार. एक बॉक्सच्या कडेवर. आणि एक मागे, मध्यरेषेजवळ, बॉट डिफेंडरच्या सोबतीला. एवढंच. जवळच्या पोस्टकडे धावणाऱ्याला एक सवलत द्या. बॉल कमी पडून त्याच्या डोक्यावरच आला, तर त्याने तो मागे सरकवायचा, गोलवर मारायचा नाही. बाकी कोणी बटणाला हात लावायचा नाही.

हे ऐकायला सोपं वाटतं आणि अमलात आणायला सगळ्यात अवघड हेच आहे, कारण प्रत्येकाला गोल हवा असतो. आमच्या संघात यावरून खूप वाद झाले. शेवटी ठरवलं, की मुख्य माणूस सामन्यागणिक बदलायचा. आज तू, उद्या तो. असं केल्यावर जो आज मार्करच्या वाटेत उभा राहतो, त्याला माहीत असतं की उद्या दुसरं कोणीतरी आपल्यासाठी तसंच उभं राहणार आहे. तेव्हापासून आमचे कॉर्नर सुधारले. यात तंत्राचा भाग फार थोडा होता.

मागे सरकवलेल्या बॉलचं मोल समजून घ्यायचं असेल, तर २६ मे १९९९ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना आठवा. बार्सिलोनातलं कँप नोऊ, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध बायर्न म्युनिक. नव्वद मिनिटं संपली तेव्हा बायर्न १-० ने पुढे होतं. भरपाईच्या वेळेत डेव्हिड बेकहमने दोन कॉर्नर घेतले आणि दोन्हींवर गोल झाले. पहिल्या कॉर्नरला बायर्नने बॉल अर्धवट काढला, तो बॉक्सच्या कडेला रायन गिग्जकडे गेला, त्याचा फटका नीट बसला नाही, पण टेडी शेरिंगहॅमने तो वाटेतच आत वळवला. दुसऱ्या कॉर्नरला शेरिंगहॅमने डोक्याने बॉल फक्त सरकवला आणि ओले गुन्नार सोल्शारने पाय लावला. दोन कॉर्नर, दोन गोल, आणि दोन्ही वेळा पहिला स्पर्श हा गोल करणाऱ्याचा नव्हता. गेममध्येही कॉर्नरच्या गोलांचा मोठा हिस्सा असाच येतो. फरक इतकाच, की तिथे ते घडून गेलं आणि आपल्याला ते ठरवून घडवता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग: धाव कधी सुरू करायची.

बॉक्समध्ये उभं राहून हेडर मारणं आणि धावत येऊन मारणं, यांत गेम फार फरक करतो. उभा खेळाडू जागच्या जागी उडी मारतो. ती उडी कमी असते आणि हेडरमध्ये जोर नसतो. चार-पाच पावलं धावत आलेला खेळाडू डिफेंडरच्या वर जातो, मग त्याची उंची कमी असली तरी चालतं. त्यामुळे मुख्य माणसाने बॉल जिथे पडणार तिथे उभं राहायचंच नाही. पेनल्टी स्पॉटच्याही मागे, जवळजवळ बॉक्सच्या रेषेपाशी थांबायचं. तिथून बघितलं तर समोर गर्दी दिसते, मधे एक मोकळा पट्टा दिसतो, आणि तो पट्टा रिकामा राहील हे बघणं बाकीच्यांचं काम.

बहुतेक जण बॉलला लाथ बसल्यावर धावायला लागतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण ऑनलाइन सामन्यात तुमच्या स्टिकची हालचाल सर्व्हरपर्यंत जाऊन परत येईपर्यंत काही क्षण जातात. काही जण माइकवर "मारतोय" ऐकलं की निघतात. त्यातही घोटाळा होतो. आवाज वेगळ्या वाटेने येतो आणि चित्र वेगळ्या वाटेने, दोन्हींचा उशीर सारखा नसतो, आणि तो दर संध्याकाळी बदलतो. आम्ही कितीतरी दिवस "तीन, दोन, एक" असं मोजत होतो आणि कधी लवकर, कधी उशिरा पोचत होतो.

उपाय सापडला तो योगायोगाने. एका लीग सामन्यात आमच्या कॉर्नरवाल्याचा माइक बंद पडला. १-१ बरोबरी, शेवटची पाच मिनिटं, डावीकडून कॉर्नर. मी बॉक्सच्या रेषेवर उभा. आवाज नाही, म्हणून नाइलाजाने मी कॉर्नरच्या झेंड्याकडे बघत राहिलो. आमच्या खेळाडूने बॉलकडे पहिलं पाऊल टाकलं आणि मी निघालो. दोन पावलं साधी, मग स्प्रिंटचं बटण. माझा मार्कर अजून बॉलकडे बघत होता. तो वळला तेव्हा मी त्याच्या पुढे गेलो होतो. बॉल वरून खाली यायला लागला तसं मी फटक्याचं बटण दाबलं, स्टिक लांबच्या पोस्टकडे. कीपरच्या पुढ्यात आमचा लेफ्ट बॅक उभा होता. कीपर हलला, पण त्याला अडून, अर्ध्या पावलाने उशिरा. बॉल जाळीत गेला. सामना संपल्यावर आम्ही तो गोल पाच-सहा वेळा परत बघितला. प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसत होती: माझी धाव आणि किकरचं पहिलं पाऊल एकाच क्षणी सुरू झालं होतं.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. आवाजावर निघायचं नाही, किकरच्या पावलावर निघायचं. ते पाऊल तुमच्याच पडद्यावर दिसतं, तुमच्याच उशिरासकट दिसतं, त्यामुळे बॉल आणि तुम्ही एकाच घड्याळावर असता. माइकचा उपयोग त्याआधी, बॉल कुठे येणार ते सांगायला.

हेडरचं बटण कधी दाबायचं, हेही इथेच सांगतो. फटक्याचं बटण, म्हणजे प्लेस्टेशनवर वर्तुळ आणि एक्सबॉक्सवर बी. ते आधी दाबून ठेवता येतं. गेम ते लक्षात ठेवतो आणि बॉल जवळ आला की तुमच्या खेळाडूला हेडरच्या हालचालीत नेतो. पण फार लवकर दाबलं, तर खेळाडू त्या हालचालीत अडकतो, मग स्टिक कितीही फिरवा, तो ऐकत नाही. फार उशिरा दाबलं, तर डिफेंडर आधी उडतो. माझा आडाखा असा: बॉल हवेत सर्वांत उंच जागी पोचून खाली वळला, की दाबायचं. नेट मंद असेल तर किंचित आधी. पॉवर अर्ध्या बारच्या आत ठेवा. पाऊण भरला की माझ्या अनुभवात बॉल क्रॉसबारवरून जातो. आणि बटण दाबायच्या क्षणी स्प्रिंट सोडून द्या. धाव घेऊन ठेवलेली असतेच, शेवटच्या क्षणी स्प्रिंट दाबलेलं राहिलं तर दिशा बिघडते.

आता कॉर्नर घेणाऱ्याकडे येऊ. २०२२ मध्ये आलेल्या फिफा २३ मध्ये पद्धत बदलली. डाव्या स्टिकने दिशा धरायची, उजव्या स्टिकने बॉलवर नेमकी कुठे लाथ बसवायची ते ठरवायचं, मग बटणाने ताकद. बॉलच्या खालच्या भागावर लाथ बसली की तो उंच जातो, बाजूला बसली की वळतो. बरेच जण उजव्या स्टिकला हातच लावत नाहीत, दिशा धरतात आणि क्रॉसचं बटण दाबतात. असा बॉल सरळ, मध्यम उंचीने येतो आणि जवळच्या पोस्टपाशी उभ्या असलेल्या पहिल्या डिफेंडरच्या डोक्यावर आदळतो. तुमचा पहिलाच डिफेंडर बॉल काढतो ना, त्याचं कारण बहुधा हेच. बॉलच्या खालच्या भागाला, थोडं बाजूला धरून मारायची सवय लावा. बॉल पहिल्या माणसाच्या वरून जाऊन खाली उतरला पाहिजे. कॉर्नर घेणाऱ्याचं पहिलं कर्तव्य एवढंच, पहिल्या माणसाला ओलांडणं. बाकी सगळं त्यानंतर.

बॉल टाकायचा कुठे? मैदानाची मापं डोळ्यांपुढे आणा. छोट्या बॉक्सची, म्हणजे गोललगतच्या आतल्या चौकोनाची, रेषा गोललाइनपासून साडेपाच मीटरवर, पेनल्टी स्पॉट ११ मीटरवर. या दोन्हींच्या मधला पट्टा, गोलच्या मध्यापासून लांबच्या पोस्टपर्यंत, हे सोन्याचं मैदान. छोट्या बॉक्समध्ये टाकला तर कीपर, विशेषतः बॉट कीपर, पुढे येऊन झेलतो. तुमचा दुसरा त्रास तोच. पेनल्टी स्पॉटच्या मागे टाकला तर हेडर गोलपर्यंत जाईस्तोवर कीपरला वेळ मिळतो. मधल्या पट्ट्यात मात्र कीपर पुढे यावं की मागे राहावं, या विचारात पडतो. माणूस कीपर असेल तर आणखीच.

आत वळणारा की बाहेर वळणारा, यावर लोक फार वाद घालतात. डावीकडून उजव्या पायाने मारलेला बॉल गोलकडे वळतो, डाव्या पायाने मारलेला गोलपासून लांब. आत वळणाऱ्या बॉलला नुसता स्पर्श पुरतो, पण तो कीपरच्या हातांजवळ जातो. बाहेर वळणारा बॉल कीपरपासून पळतो आणि धावत येणाऱ्याच्या कपाळाकडे येतो. मी बाहेर वळणाऱ्याच्या बाजूचा आहे, कारण आमची सगळी रचना धावत येणाऱ्या एका माणसावर उभी आहे. कीपरपुढे गर्दी करून रेटारेटीतून गोल काढणं तुम्हाला जमत असेल, तर आत वळणारा घ्या. संघाच्या पत्रकात डाव्या आणि उजव्या बाजूचा कॉर्नरवाला वेगवेगळा नेमता येतो, ती सोय वापरा. एकाच माणसाने दोन्ही बाजूंनी मारलाच पाहिजे असं नाही.

थेट कॉर्नरवरून गोल मारायचा मोह प्रत्येक संघात एकाला तरी असतो. कॉर्नरवरून थेट गोल नियमात बसायला लागला तो १९२४ मध्ये, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला अर्जेंटिनाच्या सेसारिओ ओन्झारीने उरुग्वेविरुद्ध तसा गोल केला. अशा गोलाला आजही ऑलिंपिक गोल म्हणतात ते त्यामुळेच, कारण उरुग्वे तेव्हाचा ऑलिंपिक विजेता होता. सुंदर गोष्ट आहे, पण लीगच्या सामन्यात त्यापायी कॉर्नर वाया घालवू नका.

कीपरपुढे उभं राहणाऱ्याचं काम सगळ्यांना कमी प्रतीचं वाटतं. मला ते निम्म्या गोलाचं वाटतं. कीपरच्या अगदी अंगाला लागून, त्याच्या आणि बॉलच्या मधे उभं राहायचं, एल२ किंवा एलटी (कंट्रोलरच्या डाव्या बाजूचं मागचं बटण) दाबून धरायचं म्हणजे खेळाडू अंग रोवून उभा राहतो. टॅकलचं बटण चुकूनही दाबायचं नाही, नाही तर फाउल. कीपर सरकला की आपणही सरकायचं. समोर माणूस कीपर असेल, तर त्याच्या पडद्यावर बॉलऐवजी तुमची पाठ दिसत राहते, आणि तो चिडून पुढे येतो. तो पुढे आला की मागचा गोल उघडा. ऑफसाइडची, म्हणजे बचावाच्या रेषेपलीकडे उभं राहून बॉल घेण्याच्या दोषाची, काळजी इथे करायची नाही, कारण थेट कॉर्नरवरून आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो. पण हे फक्त पहिल्या स्पर्शापर्यंत. आपल्याच माणसाने हेडर मारला, की त्या क्षणी कीपरपुढचा माणूस ऑफसाइड जागेत असू शकतो, आणि गोलकडे जाणारा बॉल त्याच्या अंगाला लागला तर गोल रद्द. म्हणून हेडर झाला की त्याने बाजूला व्हायचं. ही चूक आमच्याकडून झालेली आहे, आणि रद्द झालेला तो गोल अजून मनातून जात नाही.

मार्करच्या वाटेत उभं राहण्याची गंमत इंग्लंडने २०१८ च्या विश्वचषकात जगाला दाखवली. त्यांचे खेळाडू बॉक्समध्ये एकामागे एक रांगेत, आगगाडीच्या डब्यांसारखे उभे राहायचे आणि कॉर्नरला लाथ बसायच्या सुमारास चारी दिशांना पांगायचे. रांगेत उभ्या माणसाला मार्क करायचं कुठून, हेच डिफेंडरला कळत नाही. गेममध्ये दोन-तीन माणसांची छोटी रांग पुरते. मुख्य माणूस शेवटी, पुढचे दोघे निघाले की त्यांच्या मागच्या मोकळ्या जागेतून तो आत. पुढच्या दोघांपैकी एकाने मुख्य माणसाच्या मार्करच्या धावेच्या रेषेत एक क्षण थांबायचं. नुसतं थांबायचं. या गेममध्ये शरीराला शरीर अडतं, आणि तो एक क्षण पुरतो.

कॉर्नर घ्यायच्या आधी दोन सेकंद बॉक्सकडे नीट बघा. ज्या खेळाडूच्या डोक्यावर नाव दिसतं तो माणूस, ज्याच्यावर नाही तो बॉट. बॉट हवेतल्या बॉलला चुकत नाही, त्याची उडी गेम स्वतः मोजून देतो. माणूस चुकतो. तो बॉलकडे बघत राहतो, आपल्या माणसाला विसरतो, गोल करायच्या घाईत कधीकधी बॉक्समधून बाहेरही निघतो. म्हणून बॉल माणसाच्या अंगणात टाकायचा, बॉटच्या नाही. हे कॉर्नरवाल्याला झेंड्याजवळून चांगलं दिसतं, त्यानेच माइकवर जागा सांगावी: "लांबचा", "मधला". दोन शब्द पुरेत.

जलद कॉर्नरबद्दलही एक वाक्य. ७ मे २०१९ ला लिव्हरपूलच्या ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डने बार्सिलोना सावध होण्याआधी कॉर्नर मारला आणि डिवॉक ओरिगीने तो गोल केला, सामना ४-० झाला. गेममध्ये कॉर्नरआधी खेळाडू आपोआप जागेवर येतात, त्यामुळे अगदी तसं होणं अवघड. पण दृश्य उघडल्यावरचे पहिले एक-दोन सेकंद समोरची माणसं पडद्यावर स्वतःला शोधत असतात. आधीच ठरलेलं असेल तर तेवढ्यात मारता येतं.

तुमच्या रेटिंगच्या प्रश्नाचं उत्तर. कॉर्नरवाल्याला क्रॉसिंग (कडेवरून बॉल आत टाकणं) आणि कर्व्ह (बॉल वळवणं) चांगला हवा, यात वाद नाही. २०२३ च्या एफसी २४ पासून खेळाडूंना प्लेस्टाइल, म्हणजे खास कौशल्यं, मिळतात, त्यांत सेट पीससाठीची (कॉर्नर, फ्री किक अशा थांबलेल्या बॉलसाठीची) वेगळी आणि हवेतल्या खेळासाठीची वेगळी असते. एक-दोन माणसांनी त्या घेतल्या तर फायदा होतो. पण सगळ्यांनी नको. उंचीचंही तसंच. क्लब्समध्ये खेळाडू उंच केला की त्याचा वेग आणि वळण घटतं. दोन सेंटर बॅक उंच ठेवा, ते पुढे कॉर्नरला जातील. विंगरला, म्हणजे कडेने पळणाऱ्याला, उंच करून बसलात तर उरलेली ८५ मिनिटं तुम्ही त्याची किंमत मोजाल. माझा स्वतःचा खेळाडू मध्यम उंचीचा आहे आणि कॉर्नरवरचे माझे गोल धावेतून आलेत.

छोटा कॉर्नर सहा-सातपैकी एकदा खेळा, समोरच्याला सवय होऊ नये म्हणून. झेंड्याजवळ त्यांचा एकच माणूस असेल, तर दोघांविरुद्ध एक असा हिशोब जुळतो आणि क्रॉस वेगळ्या कोनातून येतो. एक खड्डा मात्र लक्षात ठेवा. छोटा पास दिल्यावर कॉर्नरवाला गोललाइनजवळच उभा असतो, म्हणजे बहुतेकदा ऑफसाइड जागेत. परतीचा पास त्याला आला की शिटी. पास देऊन त्याने आधी मैदानाच्या आत, बॉलच्या मागे यायचं, मगच परत घ्यायचा. एकही बचावपटू झेंड्याकडे आला नाही, तर सरळ बॉल घेऊन बॉक्समध्ये शिरा.

आता प्रतिहल्ल्यातून खाल्लेले ते दोन गोल. तुमच्याकडे बॉक्सच्या कडेवर माणूस होता का, आणि असेल तर तो तिथे थांबला का? माझा अंदाज, तो आत धावला. कडेवरच्या माणसाचं पहिलं काम गोल करणं नाही. अर्धवट काढलेला बॉल तिथेच येतो. तो त्याने ताब्यात घ्यायचा, किंवा बॉल त्यांच्याकडे गेला तर त्या माणसाला दोन-तीन सेकंद तिथेच अडवायचं. तेवढ्यात तुमचे सेंटर बॅक परततात. फटका मारायचा तो फक्त समोर मोकळी वाट दिसली तर, कारण डिफेंडरला लागून उडालेला फटका म्हणजे प्रतिहल्ल्याचं आमंत्रण. मागे थांबलेल्या माणसाने त्यांचा सगळ्यात वेगवान स्ट्रायकर धरायचा, बॉल नाही. आणि कीपरने झेलला की कीपरपुढे उभ्या असलेल्या आपल्या माणसाने लगेच त्याच्या तोंडासमोरच राहायचं, म्हणजे फेकायला त्याला क्षणभर वाट शोधावी लागते. आम्ही खाल्लेल्या अशा गोलांत जवळजवळ प्रत्येक वेळी कीपरची पहिली फेक कोणी अडवलेली नव्हती.

सरावासाठी मैत्रीपूर्ण सामना लावा, समोर ओळखीचा संघ घ्या, आणि ठरवून कॉर्नरच घेत राहा. एका संध्याकाळी फक्त धाव. कॉर्नरवाला दर वेळी तीच जागा मारेल, मुख्य माणूस किकरच्या पावलावर निघेल, हेडर लागला की नाही ते मोजायचं नाही, बॉल आणि माणूस एकाच जागी पोचले का तेवढंच बघायचं. दुसऱ्या संध्याकाळी कीपरपुढचा आणि वाट अडवणारा यांना घाला. तिसऱ्या संध्याकाळी सगळे. लीग सामन्यांत प्रत्येक कॉर्नरनंतर कोणीतरी एका कागदावर एक शब्द लिहून ठेवा: पहिला डिफेंडर, कीपर, आपलीच धडक, हेडर बाहेर, गोल. वीस कॉर्नर झाले की तो कागद बघा. "पहिला डिफेंडर" जास्त असेल तर कॉर्नरवाल्याने बॉलच्या आणखी खाली मारायचं. "कीपर" जास्त असेल तर बॉल गोलपासून आणखी दोन-तीन मीटर लांब टाकायचा. "आपलीच धडक" जास्त असेल तर अजून सगळे जण बटण दाबताहेत. "हेडर बाहेर" जास्त असेल तर खूश व्हा, रचना बसली आहे, आता फक्त मुख्य माणसाने पॉवर थोडी कमी करायची आहे.